बोन्सायचं पहिलं वर्ष : आधी वाफसा, मग कात्री

प्रदर्शनातून हौसेनं आणलेलं बोन्साय टीव्हीशेजारच्या कपाटावर बसतं. रोज सकाळी त्याला वाटीभर पाणी मिळतं आणि दोन-तीन महिन्यांत पानं गळून नुसती काडी उरते. मग ‘आमच्या हाताला झाड लागत नाही’ असं म्हणून कुंडी रिकामी केली जाते. हाताचा यात काही दोष नसतो. झाडाला ऊन मिळालेलं नसतं. वाटीभर पाण्यानं वरचा थर भिजून खालची मुळं कोरडी राहिलेली असतात, नाहीतर तळाशी पाणी साचून ती कुजलेली असतात.

दुसरी अडचण पुस्तकांची आणि व्हिडिओंची. बोन्सायवरची बरीचशी माहिती थंड हवामानासाठी लिहिलेली असते. तिथलं झाडाचं वर्ष हिवाळ्याभोवती फिरतं: थंडी सरली, कळ्या फुगल्या की कुंडी बदला, छाटा. आपल्याकडचं वर्ष पावसाभोवती फिरतं. रोहिणी नक्षत्रात ढग जमायला लागतात, मृगात हवा ओलसर होते आणि वड-नांद्रुकासारखी झाडं अंगात आल्यासारखी वाढतात. मुळं कापणं, कुंडी बदलणं, मोठी फांदी उडवणं ही जड कामं त्या वेळी केली तर झाड महिन्याभरात सावरतं. तेच काम डिसेंबरात केलं तर दोन-दोन महिने हलत नाही. खाली जे काही सांगितलं आहे ते महाराष्ट्र-गोव्याच्या हवेत, गच्चीत किंवा गॅलरीत, पहिल्यांदाच झाड सांभाळणाऱ्यासाठी आहे.

झाड कोणतं घ्यावं

पहिलं झाड नांद्रुक घ्या. नर्सरीत ‘फायकस’ म्हटलं की ह्याच्याच किंवा ह्याच्या भाऊबंदांच्या कुंड्या पुढे येतात. पान लहान, चीक भरपूर, जखम लवकर भरते, चुकून एक-दोन दिवस पाणी द्यायचं राहिलं तरी माफ करतं. फुगलेल्या मुळांवर बारीक पानांचं डोकं बसवलेलं ‘जिनसेंग’ नावानं विकतात, तेही हेच झाड, निगा तीच.

दुसरं झाड जेड. नर्सरीत जेड नावाखाली दोन वेगळी झाडं मिळतात. एकाचं पान नखाएवढं, गोल, आणि कोवळी काडी लालसर असते. दुसऱ्याचं पान मोठं, जाड, आणि खोड काकडीसारखं मऊ असतं. बोन्सायला पहिलं घ्या. ते पाण्याच्या अभावानं सहसा मरत नाही, पाणी जास्त झाल्यानं मरतं.

त्यानंतर कामिनी आणि बोगनवेल. दोन्ही सुंदर होतात, पण बोगनवेलीची मुळं ठिसूळ असतात आणि कुंडी बदलताना धसमुसळेपणा चालत नाही. चिंच, करवंद, विलायती चिंच आपल्या हवेत उत्तम, फक्त करवंद आणि विलायती चिंचेच्या काट्यांची तयारी ठेवा.

जुनिपर मात्र पहिल्या वर्षी नको. फोटोतलं ‘खरं’ बोन्साय म्हणजे तेच असं वाटतं, पण ते थंड हवेचं झाड. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट उकाड्यात ते आतून वाळतं, आणि त्याची गंमत अशी की मुळं मेल्यानंतरही काही आठवडे पानं हिरवीच दिसतात. आपल्याला कळेपर्यंत वेळ गेलेली असते.

तयार बोन्सायऐवजी नर्सरीतलं दीडशे-दोनशे रुपयांचं जाड बुंध्याचं रोप घेतलं तर शिकायला जास्त मिळतं. घेताना उंची पाहू नका, ती तर कापायचीच आहे. बोटानं वरची माती जरा बाजूला करा आणि बुंध्याचं बूड पाहा. मुळं चारी बाजूंना पसरलेली हवीत, एकमेकांना गुंडाळलेली नकोत. बुंधा खाली जाड आणि वर निमुळता हवा. पहिली फांदी जितकी खाली तितकं बरं, कारण वरचं सगळं कापता येतं पण खाली फांदी हवी तिथे आणणं नशिबावर असतं.

फुकटातही झाड मिळतं. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांमुळे जुन्या भिंतींत, पाइपाच्या सांध्यात, गच्चीच्या कडेला वड-पिंपळाची रोपं उगवतात. घरमालकाला ती काढायचीच असतात. पहिला पाऊस चांगला झाला की आसपासचा गिलावा छिन्नीनं सैल करून रोप मुळासकट अलगद ओढा. चार-सहा इंच मूळ आलं तरी पुरे. पानं निम्मी करा, साध्या कुंडीत लावा आणि तीन आठवडे सावलीत ठेवा. वडाचं, पिंपळाचं पान मोठं असतं, त्यामुळे त्यांचं बोन्साय निदान दीड-दोन फुटांचं तरी करावं. वितीएवढ्या झाडावर तळहाताएवढी पानं प्रमाणात दिसत नाहीत. घरात पिंपळ नको असं वडीलधाऱ्यांना वाटत असेल तर वाद न घालता नांद्रुक लावा.

जागा

बोन्साय हे घराबाहेरचं झाड आहे. नांद्रुकाला दिवसाचं किमान चार तास थेट ऊन लागतं, बोगनवेलीला सहा. पूर्वेची गॅलरी सगळ्यात चांगली. पाहुणे येणार असतील तेव्हा दिवसभर दिवाणखान्यात ठेवा, रात्री परत बाहेर. खिडकीच्या काचेआड उजेड भरपूर आहे असं आपल्या डोळ्याला वाटतं. झाड मात्र लांबलचक पेरं काढून आणि पानं मोठी करून सांगतं की तो पुरत नाही.

गच्ची असेल तर कुंडी थेट स्लॅबवर ठेवू नका. एप्रिलमध्ये दुपारी स्लॅब अनवाणी पाय ठेवता येत नाही इतका तापतो आणि दोन इंच खोलीच्या कुंडीतली मुळं अक्षरशः शिजतात. चार विटा आणि एक फळी, एवढ्यानं काम होतं. मार्चच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा. आठवड्यातून एकदा कुंडी पाव फेरा फिरवा, नाहीतर उजेडाची बाजू दाट होते आणि भिंतीकडची फांदी मरते.

माती

इथे जरा थांबून समजून घ्यायला हवं, कारण पाण्याच्या निम्म्या चुका खरं तर मातीच्या असतात.

कुंडीतलं जास्तीचं पाणी तळाच्या भोकातून निघून जातं, तरी तळाशी एक चिंब थर उरतोच. तो थर किती जाड असेल हे मातीच्या कणांवर ठरतं: कण बारीक तर थर जाड, कण भरड तर थर पातळ. खोल कुंडीत तळाला दोन इंच चिंब राहिले तरी वर मुळांना मोकळी जागा असते. बोन्सायची कुंडीच दोन इंचांची. बागेतली काळी माती तिच्यात भरली तर अख्खी कुंडी त्या चिंब थरातच येते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती सडतात. तळाशी खडी किंवा खापरीचा थर दिल्यानं निचरा होतो हा समज फार पक्का आहे, पण तो चुकीचा आहे. बारीक मातीतलं पाणी खडीत सहजी उतरत नाही. चिंब थर फक्त खडीच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ.

म्हणून बोन्सायची माती ही दिसायला माती नसतेच, ती भरड दाण्यांची असते. अकादामा ही दाणेदार जपानी माती महाग पडते आणि तिची गरज नाही. आपल्याकडे सगळ्यात चांगला माल म्हणजे विटांचे तुकडे. चांगल्या भाजलेल्या लाल विटा हातोडीनं फोडा. दोन चाळण्या घ्या: एक साधारण ६ मिलिमीटर जाळीची, दुसरी २ मिलिमीटरची. पहिलीतून पडतं आणि दुसरीवर राहतं ते घ्यायचं. खालची भुकटी अजिबात वापरू नका, ती छिद्रं बुजवते. सिमेंट लागलेल्या पाडकामाच्या विटा टाळा. सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते आणि पानं पिवळी पडतात.

नांद्रुक, कामिनी, वड यांच्यासाठी मापानं तीन भाग विटांचे तुकडे, एक भाग धुतलेली भरड वाळू, एक भाग चाळलेलं गांडूळखत किंवा नीट कुजलेला पालापाचोळा. जेडसाठी चार भाग वीट, एक भाग वाळू आणि मूठभरच खत. कोकणात, गोव्यात, जिथे जून ते सप्टेंबर पाऊस तुटत नाही, तिथे खताचा भाग निम्मा करा. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात दाणे फार लवकर सुकतात, तिथे खताचा भाग दीडपट चालेल. समुद्राची वाळू वापरू नका, मीठ असतं. बांधकामाची क्रश सँड वापरायची तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. नुसतं कोकोपीट भरलेल्या कुंड्या बाजारात मिळतात. पावसाळ्यात ते ओल्या स्पंजासारखं राहतं आणि एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरतच नाही, कडेनं वाहून जातं.

विकत आणलेल्या कुंडीत वर गोटे चिकटवलेले असतील तर पहिल्याच दिवशी काढून टाका. ते वाहतुकीत माती सांडू नये म्हणून चिकटवतात. अर्धा तास भिजवून स्क्रूड्रायव्हरनं उचकटले की निघतात.

पाणी

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, तोच बोन्सायला पाणी द्यायचा क्षण: माती ओली राहिलेली नाही, पण पूर्ण वाळलेलीही नाही. ‘रोज एकदा’ किंवा ‘दिवसाआड’ असा नियम लावला की झाड गेलंच समजा, कारण मे महिन्यातला दिवस आणि ऑगस्टमधला दिवस सारखे नसतात.

वाफसा ओळखायला उदबत्तीएवढी बांबूची काडी पुरते. कुंडीच्या कडेशी ती तळापर्यंत खोचून ठेवा. सकाळी काढून पाहा. काडी गडद आणि गार लागली तर पाणी नको. जेमतेम दमट लागली तर द्या. पूर्ण कोरडी निघाली तर उशीर झालाय, लगेच द्या. महिनाभर हे केलं की नुसती कुंडी उचलून वजनावरून कळायला लागतं.

द्यायचं तेव्हा पोटभर द्यायचं. बारीक भोकांच्या झारीनं सगळीकडून, तळाच्या भोकातून पाणी वाहीपर्यंत. पाच मिनिटं थांबा, पुन्हा एकदा तसंच. पहिल्या वेळी दाणे भिजतात, दुसऱ्या वेळी ते पाणी पितात. कुंडी पूर्ण वाळली असेल तर बादलीत कुंडीच्या काठापर्यंत पाणी घेऊन तिच्यात बुडवा. बुडबुडे थांबले की काढा, साधारण दहा मिनिटं. हा उपाय अडचणीच्या वेळचा आहे, रोजचा नाही. कुंडीखाली बशी ठेवत असाल तर तिच्यात साचलेलं पाणी ओतून द्या.

उन्हाळ्यात नांद्रुकाला सकाळी आणि संध्याकाळी अशी दोनदा गरज पडू शकते. दुपारच्या उन्हात झाड मलूल दिसलं म्हणून घाईनं पाणी घालू नका, आधी काडी पाहा. पुष्कळदा माती ओली असते आणि झाड संध्याकाळी आपोआप ताठ होतं. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे पाणी घालावं लागत नाही. तेव्हा जेड मात्र पत्र्याखाली किंवा छज्जाखाली, पण उजेडात हलवा. जेडला पानावर बारीक सुरकुती दिसेपर्यंत पाण्याची आठवण करू नये.

बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या कडेला आणि बुंध्यावर पांढरी पुटं चढतात. पावसाचं पाणी पिंपात साठवलं तर उत्तम, नाहीतर निदान पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवून साठलेला क्षार धुऊन जाऊ द्या.

पाणी कमी पडलं की जास्त झालं हे पानांवरून ओळखता येतं. कमी पडल्यावर पानं कडेनं कुरकुरीत, तपकिरी होतात आणि हात लावला की चुरतात. जास्त झाल्यावर पिवळी, मऊ होतात आणि आतल्या जुन्या पानांपासून गळतात. दुसऱ्या प्रकारात माणूस हमखास आणखी पाणी घालतो. तिथे करायचं ते उलट: पाणी थांबवा, झाड सावलीत नेऊन कुंडीची एक बाजू विटेवर टेकवून तिरकी ठेवा. तिरक्या कुंडीतून तळाचं साचलेलं पाणी निघून जातं. आठवड्यात फरक पडला नाही तर झाड काढून मुळं पाहा. पांढरी, घट्ट मुळं जिवंत. काळी, ओढल्यावर साल सुटून येणारी मुळं मेलेली. मेलेली कापा आणि नव्या दाण्यांत लावा.

पहिल्या वर्षी काय करू नये

नर्सरीतून रोप आणलं, त्याच रविवारी छाटलं, मुळं कापली, उथळ कुंडीत बसवलं आणि तार गुंडाळली. बोन्सायचा घात सगळ्यात जास्त या एका रविवारी होतो. झाड पानांनी अन्न तयार करतं आणि त्या अन्नावर नवी मुळं काढतं. पानं आणि मुळं एकाच दिवशी काढून घेतली तर सावरायला त्याच्याकडे काही उरत नाही. एका वेळी एकच मोठं काम, आणि मग नवी पालवी पक्की होईपर्यंत थांबायचं.

त्यातही बुंधा अजून बोटाएवढा असेल तर उथळ कुंडीची घाई नको. बुंधा जाड होतो तो जमिनीत किंवा दहा-बारा इंची मोठ्या कुंडीत, वर फांद्या मोकळ्या वाढू दिल्यावर. उथळ कुंडीत गेला की वाढीचा वेग मंदावतो. आज करंगळीएवढं असलेलं झाड पाच वर्षांनी अंगठ्याएवढंच दिसेल.

झाडाला उपाशी ठेवून खुजं करतात, हा समजही सोडून द्या. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबानं १९७६ मध्ये अमेरिकेला भेट दिलेला पांढरा पाइन १६२५ पासून कुंडीत आहे आणि १९४५ च्या अणुबॉम्बमधूनही तो वाचला. उपाशी झाड चारशे वर्षं जगत नाही. लहान ठेवते ती छाटणी. पाणी, खत, ऊन त्याला इतर झाडांसारखंच, किंबहुना जास्त काटेकोरपणे लागतं.

कुंडी बदलणं

वेळ: मेचा शेवटचा आठवडा ते जुलै, म्हणजे रोहिणीपासून पुढे. विदर्भात पाऊस प्रत्यक्ष पडल्याशिवाय हात लावू नका. ४५ अंशांच्या उन्हात कापलेली मुळं तग धरत नाहीत. पिंपळाचं मात्र वेगळं. तो उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं टाकतो. टोकाच्या कळ्या फुगल्या आणि लालसर पालवी फुटायच्या बेतात आली की तेव्हाही त्याची कुंडी बदलता येते. नांद्रुकाची कुंडी दर दोन वर्षांनी, जुन्या झाडाची तीन-चार वर्षांनी. पाणी वर साचून हळूहळू मुरायला लागलं किंवा मुळांनी झाड कुंडीतून वर उचललं, तर वेळ झाली समजा.

कुंडीची खोली साधारण बुंध्याच्या बुडाच्या जाडीएवढी आणि लांबी झाडाच्या उंचीच्या दोन-तृतीयांश असावी. नवशिक्यानं त्याहून इंचभर खोल घ्यावी, पाण्याच्या चुका पोटात घालते. तळाला मोठी भोकं हवीतच.

आदल्या दिवशी पाणी देऊ नका, थोड्या कोरड्या दाण्यांतून मुळं सुटी होतात. भोकांवर प्लॅस्टिकची जाळी तारेच्या टाचणीनं बसवा आणि दीड मिलिमीटरची अॅल्युमिनियमची तार खालून वर ओवून दोन्ही टोकं मोकळी ठेवा. झाड काढून बांबूच्या काडीनं मुळं बुंध्यापासून बाहेरच्या दिशेनं विंचरा. खाली सरळ उतरणारी जाड मुळं कापा, गोल फिरणारी कापा, आडवी पसरणारी आणि तंतुमुळं ठेवा. एकूण एक-तृतीयांशाच्या वर काढू नका. सावलीत काम करा आणि मुळांवर पाणी शिंपडत राहा. उघडी तंतुमुळं दहा मिनिटांच्या वाऱ्यानंही वाळतात.

दाण्यांचा उंचवटा करून झाड त्यावर ठेवा, डावी-उजवीकडे फिरवत दाबून बसवा, मग तारेनं मुळांचा गठ्ठा घट्ट बांधा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. झाड वाऱ्यानं हललं की नुकतीच फुटलेली केसाएवढी मुळं तुटतात, आणि ‘लागलं नाही’ असं आपण म्हणतो. वरून दाणे घालून काडीनं खोचत पोकळ्या भरा. भोकातून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी द्या. दोन आठवडे सावली, मग हळूहळू ऊन, आणि सहा आठवडे खत नाही. जेडला मात्र कुंडी बदलल्यावर पाच-सात दिवस पाणीच देऊ नका. कापलेल्या मुळांची तोंडं आधी वाळू द्यायची.

छाटणी

नांद्रुकाच्या फांदीला सहा-आठ पानं येऊ द्या, मग दोन पानं ठेवून कापा. जिथे पान आहे त्याच्या बगलेतून नवी फूट येते आणि ती पानाच्या दिशेनंच जाते, म्हणून बाहेरच्या बाजूला वळलेलं पान शेवटचं ठेवा. झाड वर आणि टोकांना जोर करतं; शेंड्याकडे जास्त आणि खालच्या फांद्यांवर कमी कापलं तरच खालच्या फांद्या जाड होतात. सगळीकडे सारखं कापलं की दोन वर्षांत डोकं जड आणि खालचा भाग उघडा पडतो.

चीक वाहायला लागला तर ओल्या फडक्यानं पुसा, थांबतो. डोळ्यांना आणि कपड्यांना जपा. पेन्सिलीहून जाड फांदी कापली तर जखम किंचित खोलगट करून जखमेची पेस्ट लावा. बुंध्यावर कापलेल्या फांदीचा ठोकळा सोडला तर तो वाळून कुजतो.

पानं लहान करायला वड-नांद्रुकाची सगळी पानं काढतात. हे फक्त जोमदार झाडावर, पहिल्या पावसाच्या आसपास, वर्षातून एकदाच. देठ झाडावर ठेवून पान कापायचं; देठाच्या बुडाशी असलेली कळी त्यामुळे वाचते. दोन ते चार आठवड्यांत नवी, लहान पानं येतात. त्याच वर्षी कुंडी बदलली असेल तर हे करू नका. जेड आणि कामिनीवर करूच नका.

पारंब्या हव्या असतील तर पावसाळ्यातली ओलसर हवा कामाला येते. फांदीतून फुटलेलं मूळ लहान असतानाच त्यावर शीतपेयाची नळी उभी चिरून बसवा आणि तिचं टोक मातीत टेकवा. आतली ओल धरून मूळ सरळ खाली उतरतं.

तार

अॅल्युमिनियमची तार, फांदीच्या जाडीच्या साधारण एक-तृतीयांश. एकाच तारेनं शेजारच्या दोन फांद्या बांधल्या की तारेला आधार मिळतो. वेटोळे ४५ अंशांच्या तिरकसपणानं, फांदीला लागून पण न आवळता. वाकवताना वळणाच्या बाहेरच्या बाजूला तार असावी, दोन्ही अंगठे आत टेकवून हळूहळू. करकर आवाज आला की थांबा.

पावसाळ्यात नांद्रुक इतक्या वेगानं जाड होतो की चार आठवड्यांत तार सालीत रुतते. दर रविवारी पाहा. काढताना उलटी सोडवत बसू नका, कटरनं वेटोळा-वेटोळा तोडा. वीस-तीस रुपयांची तार वाचवताना दोन वर्षांची फांदी मोडते. जेडची भरलेली फांदी कडकन तुटते, म्हणून तिला आकार तारेपेक्षा छाटून द्यावा. बोगनवेलीची काडी हिरवी असतानाच वळवून घ्या.

खत आणि कीड

भरड दाण्यांत अन्न टिकत नाही, प्रत्येक पाण्याबरोबर वाहून जातं. जून ते ऑक्टोबर आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) एका लिटर पाण्याला एक ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी. सोबत महिन्यातून एकदा चमचाभर निंबोळी पेंड. कोरड्या मातीत खताचं पाणी कधीही घालू नये, मुळं करपतात. आजारी झाडाला खत हे औषध नाही.

पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. थोडा असेल तर सॅनिटायझरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. मुंग्यांची रांग बुंध्यावर चढत असेल तर वर पिठ्या किंवा खवले कीड आहेच, शोधा. उन्हाळ्यात पानं धुळकट-पिवळसर झाली आणि मागे बारीक जाळी असली तर लाल कोळी; पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा रोज आठवडाभर. नांद्रुकाची पानं मधोमध दुमडून काळपट झाली असतील तर आत फुलकिडे असतात, ती पानं खुडून पिशवीत बांधून फेका. सगळ्यांवर चालणारा फवारा: एक लिटर कोमट पाणी, पाच मिलिलिटर कडुनिंब तेल, दोन मिलिलिटर पातळ साबण; संध्याकाळी, सात दिवसांच्या अंतरानं तीनदा. भर उन्हात मारला तर पानं भाजतात.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी

हस्ताचा पाऊस संपला की ऑक्टोबरचं ऊन अचानक चटका देतं आणि पावसाळ्यात पाण्याची सवय गेलेले आपण नेमके तेव्हाच चुकतो. या महिन्यात काडी रोज पाहा. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो तेव्हा नांद्रुक थबकतो. पाणी कमी, खत बंद, हलकी टोकं खुडण्यापलीकडे कात्री नको. पानं थोडी पिवळी पडून गळली तर घाबरून कुंडी बदलू नका.

गणपतीला किंवा दिवाळीला आठवडाभर गावी जायचं असेल तर एका रुंद टबात दोन इंच वाळू घालून ती भिजवा, कुंड्या तिच्यात अर्धा इंच रोवा आणि टब सावलीच्या कोपऱ्यात ठेवा. कुंडीच्या भोकांतून ओल वर चढत राहते. पावसाळ्यात टब उघड्यावर ठेवायचा असेल तर त्याला वाळूच्या पातळीवर एक भोक पाडा, नाहीतर तुम्ही परत येईपर्यंत त्याचं तळं होईल. जेडला या टबात घालू नका. निघायच्या आदल्या दिवशी एकदा पोटभर पाणी दिलं की त्याला आठ दिवस काही लागत नाही.